कमला सोहोनी : अन्नावरच्या प्रक्रियेचा हिशेब मांडणाऱ्या शास्त्रज्ञ

उरणच्या बाजारात एक फेरी मारली, तरी प्रक्रिया केलेले अन्न किती तऱ्हेचे असते ते दिसते. मासळीच्या बाजूला सुके बोंबील, सोडे, सुकट. किराणा दुकानात पोहे, कुरमुरे, डाळी, गूळ, आयोडीनयुक्त मीठ. डेअरीत पिशवीतले दूध. आणि दुकानाच्या दाराशी तोरणासारख्या टांगलेल्या वेफर्सच्या व कुरकुरीत खाऊच्या माळा. शास्त्राच्या भाषेत हे सगळेच प्रक्रिया केलेले अन्न. पण मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांनी या सर्वांना एकाच पिंजऱ्यात उभे केले आहे.

त्यामुळे सरकारी दवाखान्याच्या बाह्यरुग्ण विभागात आम्हाला दोन टोकांची माणसे भेटतात. एखादे कुटुंब पिशवीतले दूध आणि आयोडीनचे मीठ रसायन म्हणून बंद करून टाकते. दुसऱ्या घरात मुलाच्या हातात सकाळ-संध्याकाळ बिस्किटे असतात आणि पाकिटावर गव्हाच्या ओंबीचे चित्र असल्याने आई निश्चिंत असते. दोघांचेही एकाच ठिकाणी चुकते. ते प्रक्रिया हा शब्द पाहून निर्णय घेतात. त्या प्रक्रियेने अन्नाचे नेमके काय झाले, हे पाहत नाहीत.

हे पाहायला शिकवणाऱ्या एक मराठी शास्त्रज्ञ होऊन गेल्या. त्यांचे नाव डॉ. कमला सोहोनी. दुर्गा भागवतांची बहीण म्हणून किंवा सर सी. व्ही. रामन यांच्याशी झगडून प्रवेश मिळवणारी मुलगी म्हणून त्या अनेकांना माहीत आहेत. पुढची अनेक वर्षे त्यांनी प्रयोगशाळेत काय केले, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. आपल्या ताटाशी संबंध आहे तो त्याच कामाचा.

बंगळूरचे बंद दार

कमला भागवत यांचा जन्म १९११ साली इंदूरचा. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही रसायनशास्त्रज्ञ, दोघेही बंगळूरच्या टाटा विज्ञान संस्थेत शिकलेले. घरात विज्ञानाची चर्चा रोजची होती. कमलाबाईंनी १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी रसायनशास्त्र हा मुख्य विषय घेऊन मिळवली आणि गुणवत्ता यादीत पहिला क्रमांक पटकावला. वडील आणि काका शिकले त्याच संस्थेत पुढचे संशोधन करायचे, हे त्यांनी ठरवलेलेच होते.

पण अर्ज नाकारला गेला. कारण गुणांचे नव्हते, त्या मुलगी असल्याचे होते. संस्थेचे संचालक त्या वेळी सी. व्ही. रामन होते. नोबेल पारितोषिक मिळून त्यांना जेमतेम तीन वर्षे झाली होती आणि त्यांच्या शब्दापुढे कुणी जात नसे. कमलाबाई गेल्या. त्या बंगळूरला पोहोचल्या आणि संचालकांच्या दाराशी सत्याग्रहच मांडून बसल्या. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटी घालून. पहिले वर्ष त्यांना नियमित विद्यार्थी मानले जाणार नव्हते, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंत काम करावे लागणार होते आणि त्यांच्यामुळे प्रयोगशाळेतील वातावरण बिघडता कामा नये, अशीही अट होती. कमलाबाईंनी अपमान गिळला आणि कामाला लागल्या.

मार्गदर्शक श्रीनिवासय्या कडक शिस्तीचे होते, पण विद्यार्थिनीची कुवत त्यांनी ओळखली. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध आणि कडधान्ये यांतील प्रथिने वेगळी काढण्याचे काम केले. विषय साधा वाटतो. पण ज्या देशात बहुसंख्य लोकांची प्रथिनांची गरज डाळी-कडधान्यांवरच भागते, तिथे या प्रथिनांचा स्वभाव समजून घेणे हा सार्वजनिक आरोग्याचाच प्रश्न होता. वर्षभराने रामन यांचे समाधान झाले आणि कमलाबाईंचा प्रवेश नियमित झाला. त्यानंतर त्या संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. १९३६ मध्ये कमलाबाईंनी एम.एस्सी. विशेष गुणवत्तेसह पूर्ण केली.

तांदळाचा कोंडा आणि केंब्रिज

पुढे शिष्यवृत्ती मिळवून त्या केंब्रिजला गेल्या. न्यूनहॅम महाविद्यालयात प्रवेश घेतला आणि सर फ्रेडरिक गोलँड हॉपकिन्स यांच्या जीवरसायनशास्त्र विभागात काम सुरू केले. हे हॉपकिन्स म्हणजे जीवनसत्त्वांच्या शोधाबद्दल १९२९ चे नोबेल मिळवणारे शास्त्रज्ञ. त्यांच्याबरोबर ते पारितोषिक वाटून घेतले होते डच डॉक्टर क्रिस्तियान आइकमन यांनी, आणि आइकमन यांची कथा इथे सांगण्याजोगी आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटावर काम करताना आइकमन यांना दिसले, की पांढरा, सडलेला म्हणजे कोंडा काढलेला तांदूळ खाणाऱ्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंडा पुन्हा दिला की त्या सुधारतात. माणसांमधील बेरीबेरी या रोगाचे मूळ त्यातून उलगडत गेले. गिरणीत तांदूळ जितका जास्त घासावा तितका तो पांढरा आणि टिकाऊ होतो, पण कोंड्याबरोबर ब-१ जीवनसत्त्व निघून जाते. म्हणजे इथे प्रक्रियेने नुकसान केले. याच भाताची दुसरी प्रक्रिया मात्र उलटे काम करते. साळीसकट भात भिजवून, उकडून, वाळवून मग सडला, की कोंड्यातील जीवनसत्त्वांचा काही भाग दाण्याच्या आत मुरतो आणि नंतर सडले तरी तितका जात नाही. कोकणात अनेक घरांत रांधला जाणारा उकडा तांदूळ तो हाच. धान्य एकच, एका प्रक्रियेने गमावले, दुसरीने राखले.

केंब्रिजमध्ये कमलाबाईंनी आधी डेरेक रिक्टर आणि मग रॉबिन हिल यांच्याबरोबर काम केले. बटाट्यावर प्रयोग करताना त्यांना वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम-सी हा घटक आढळला. पेशीच्या श्वसनात त्याचे काम महत्त्वाचे असते. या विषयावरचा त्यांचा पीएच.डी.चा प्रबंध अवघ्या ४० पानांचा होता आणि तो त्यांनी सव्वा वर्षाच्या आतच पूर्ण केला. विज्ञानात पीएच.डी. मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांमध्ये त्यांची गणना होते. परदेशात पुढे काम करण्याची संधी असताना त्या १९३९ मध्ये मायदेशी परतल्या.

दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात नव्याने सुरू झालेल्या जीवरसायनशास्त्र विभागाच्या त्या प्रमुख झाल्या. तिथून तमिळनाडूतील कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत सहायक संचालक म्हणून गेल्या. बेरीबेरीच्या चौकशीतूनच उभी राहिलेली ही प्रयोगशाळा पुढे हैदराबादला हलली आणि आज राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते. १९४७ मध्ये माधव सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर कमलाबाई मुंबईला आल्या. १९४९ पासून मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी जीवरसायनशास्त्राचे अध्यापन आणि संशोधन सुरू केले, आणि इथे त्यांचे काम थेट आपल्या स्वयंपाकघरात येऊन पोहोचले.

वाल कच्चे का खात नाहीत

आपल्याकडे भात कापून झाला की त्याच ओलीवर शेतात वाल पेरतात. रायगडचा कडवा वाल आणि त्याचे बिरडे यांचे कौतुक उरणकरांना नव्याने सांगायला नको. बिरड्याची कृतीही घराघरांत पाठ असते. वाल रात्रभर भिजवायचे, पाणी टाकून द्यायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, कोमट पाण्यात घालून सोलायचे आणि मग शिजवायचे. दोन दिवसांचे हे काम चवीसाठी आहे असे वाटते. त्यामागचे शास्त्र कमलाबाई आणि त्यांच्या विद्यार्थिनींच्या अभ्यासांतून स्पष्ट होत गेले.

१९५० आणि १९६० च्या दशकांत त्यांच्या गटाने भारतीय अन्नपदार्थांतील पोषणविरोधी घटकांचा शोध घेतला. आपल्या स्वादुपिंडातून ट्रिप्सिन नावाचे पाचक द्रव्य स्रवते आणि प्रथिने फोडते. अनेक कच्च्या कडधान्यांत या ट्रिप्सिनलाच अडवणारे पदार्थ असतात. परिणामी ताटात प्रथिने असूनही ती नीट पचत नाहीत. वालामध्ये शिवाय लाल रक्तपेशींच्या गुठळ्या करणारे हिमॅग्लुटिनिन हे प्रथिन असते. ते वेगळे काढून उंदरांच्या आहारात दिल्यावर त्यांची वाढ खुंटते, हे कमलाबाईंच्या प्रयोगशाळेतील कामातून दिसले. असे बहुतेक घटक उष्णतेने निकामी होतात.

म्हणजे वालाच्या बाबतीत प्रक्रिया हेच औषध आहे. भिजवल्याने काही नको ते घटक पाण्यात उतरतात. मोड आल्याने क जीवनसत्त्व वाढते आणि लोह अडवून धरणारे फायटेट कमी होते. शेवटी नीट शिजवल्याने पचनात आडवे येणारे पदार्थ नष्ट होतात. आज आरोग्यदायी म्हणून मोड आलेली कच्ची कडधान्ये खाण्याची टूम आहे. मुगाच्या मोडांचे एक वेळ ठीक आहे. वाल, पावटे आणि राजमा मात्र मोड आले तरी कच्चे किंवा अर्धवट शिजलेले खाऊ नयेत. राजम्यासारखी कडधान्ये कच्ची राहिली, तर उलट्या-जुलाब होऊ शकतात.

नीरा, गूळ आणि आदिवासी मुले

कमलाबाईंचे सर्वांत गाजलेले काम नीरेवरचे. ताड, माड, शिंदी या झाडांचा गोड रस म्हणजे नीरा. पहाटे ताजी असते तोवर ती पेय असते. ऊन चढले की आंबते आणि ताडी होते. मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आल्यावर झाडांवर चढून पोट भरणाऱ्यांच्या उपजीविकेचा प्रश्नही उभा होता. नीरा न आंबवता वापरता आली, तर तिचा अन्न म्हणून काही उपयोग आहे का, हे तपासायला हवे होते. डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून कमलाबाईंनी हा अभ्यास हाती घेतला.

त्यांना नीरेत अ आणि क जीवनसत्त्वे व लोह दखल घेण्याजोग्या प्रमाणात आढळले. रस आटवून ताडगूळ किंवा काकवी केल्यावरही या पोषक घटकांतील बरेच काही टिकते, असे त्यांच्या कामातून पुढे आले. खनिजांच्या बाबतीत हे समजणे सोपे आहे. लोह उष्णतेने जळून जात नाही. पाणी उडाले की ते उलट दाट होते. कुपोषित आदिवासी किशोरवयीन मुले आणि गरोदर स्त्रिया यांच्या आहारात नीरेचा समावेश केल्यावर त्यांच्या प्रकृतीत सुधारणा दिसली. या संशोधनासाठी कमलाबाईंना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. भाताच्या धान-आट्याच्या पोषणमूल्याचाही त्यांनी अभ्यास केला.

आजच्या वाचकासाठी इथे एक डॉक्टरी सूचना जोडायला हवी. नीरा आणि ताडगूळ यांत साखर भरपूर असते, त्यामुळे मधुमेही व्यक्तींना ती मोकळीक नाही. आणि रक्तक्षय असलेल्या गरोदर स्त्रीने गूळ खाऊन लोहाच्या गोळ्या टाळणे धोक्याचे आहे. देशातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे, असे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगते. आहाराने साथ मिळते, पण हिमोग्लोबिन फार खाली गेल्यावर उपचार लागतातच.

पिशवीतले दूध

मुंबईतील गोठे शहराबाहेर हलवून आरे वसाहत उभी राहिली ती १९४९ पासून. या आरे दूध योजनेला दुधाच्या दर्जाबाबत कमलाबाईंनी सल्ला दिला. शहरातल्या लाखो मुलांना रोज पोहोचणारे दूध सुरक्षित असणे ही मोठी गोष्ट होती. पाश्चरीकरणात दूध साधारण ७२ अंश सेल्सिअसला १५ सेकंद तापवून लगेच थंड करतात. त्यात क आणि काही ब जीवनसत्त्वे थोडी घटतात. प्रथिने आणि कॅल्शियम जवळजवळ जसेच्या तसे राहतात. या बदल्यात क्षय, ब्रुसेलोसिस असे रोग पसरवणारे जंतू मरतात. हा सौदा फायद्याचा आहे. ज्यांना घरच्या गाई-म्हशींचे दूध मिळते त्यांनी ते उकळूनच प्यावे. धारोष्ण दूध पौष्टिक असते या समजापायी लहान मुलांना जोखमीत घालू नये.

मुंबईच्या विज्ञान संस्थेत कमलाबाईंचा हक्क असतानाही संचालकपद त्यांना चार वर्षे मिळू दिले गेले नाही. अंतर्गत राजकारण आडवे आले. बंगळूरला दार बंद होते तेव्हा त्या बावीस वर्षांच्या होत्या. आता नाव, अनुभव आणि पुरस्कार असूनही थांबावे लागले. तरीही काम थांबले नाही. शेवटी त्या संचालक झाल्या आणि त्या पदावरून निवृत्त झाल्या.

निवृत्तीनंतरही त्यांनी अन्नाचा पिच्छा सोडला नाही. मुंबईत १९६६ मध्ये नऊ स्त्रियांनी मिळून ग्राहकांसाठी एक संस्था स्थापन केली होती, कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया. कमलाबाई तिच्या कार्यात सहभागी झाल्या, १९८२-८३ मध्ये अध्यक्ष झाल्या आणि संस्थेच्या 'कीमत' या नियतकालिकात ग्राहकांच्या सुरक्षिततेवर लिहीत राहिल्या. अन्न प्रयोगशाळेत चांगले ठरणे पुरेसे नाही. दुकानात तेच अन्न विनाभेसळ मिळते का, हेही पाहावे लागते, याची ही जाण होती. १९९८ मध्ये दिल्लीत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने आयोजित केलेल्या सत्कार समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच काळात त्यांचे निधन झाले.

आपल्या घरचा हिशेब

कमलाबाईंच्या कामातून रोजच्या वापराचे तीन प्रश्न हाती येतात. कोणत्याही प्रक्रिया केलेल्या पदार्थाला ते विचारावेत. काय गेले? काय राहिले? काय घातले गेले?

सुकी मासळी घ्या. उन्हात वाळवल्याने पाणी जाते, प्रथिने राहतात आणि वजनाच्या मानाने दाट होतात. काट्यासकट खाल्ल्या जाणाऱ्या बारीक मासळीतून कॅल्शियमही मिळते. पावसाळ्यात होड्या बंद असताना ही प्रथिनांची स्वस्त शिदोरीच आहे. खारवलेल्या मासळीत मात्र मीठ बरेच घातलेले असते. उच्च रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी ती टाळावी. कधीतरी खायचीच असेल तर भिजवून, दोन-तीन पाण्यांनी धुऊन, अगदी थोडी घ्यावी.

मिठाचे पाहा. मिठागरांच्या उरणमध्ये खडा मीठ नैसर्गिक म्हणून चांगले, असे अनेकांना वाटते. समुद्राचे आहे म्हणजे त्यात आयोडीन असणारच, हा समज चुकीचा आहे. मीठ तयार होताना त्यात आयोडीन जवळपास उरत नाही. म्हणून ते वरून घालावे लागते. घरात पोहोचणाऱ्या मिठात किमान १५ पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत १५ भाग आयोडीन असावे, असा आपला नियम आहे. गरोदरपणात आयोडीन कमी पडले तर बाळाच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो आणि ते नुकसान नंतर भरून येत नाही. म्हणून घरात गरोदर स्त्री असेल तर स्वयंपाकाला आयोडीनयुक्त मीठच वापरावे. प्रमाण मात्र दर माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या, म्हणजे एका चहाच्या चमच्याच्या आत ठेवावे.

आता बिस्किटाला तेच तीन प्रश्न विचारा. गव्हाचा कोंडा आणि अंकुर गेला. मैदा राहिला. साखर, तेल आणि मीठ घातले गेले. वरून थोडी जीवनसत्त्वे शिंपडली तरी हा हिशेब बदलत नाही. वेफर्स, झटपट नूडल्स आणि रंगीत थंड पेये यांची कथा अशीच. ब्राझीलमधील संशोधकांनी अशा पदार्थांना अतिप्रक्रिया केलेले अन्न असा वेगळा गट दिला आहे आणि आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२४ ची आहार मार्गदर्शक तत्त्वेही ते कमी करायला सांगतात. त्याऐवजी मुलांच्या डब्यात पोहे, कुरमुऱ्याची भेळ, भाजलेले चणे, शेंगदाणे आणि गूळ द्यावा. हेही प्रक्रिया केलेलेच पदार्थ आहेत, आणि खिशालाही परवडतात.

दुकानात निर्णय घ्यायचा तर पाकिटाच्या दर्शनी बाजूवर जाऊ नका. मागची घटकांची यादी वाचा. नियमानुसार त्यात जो घटक वजनाने जास्त, त्याचे नाव आधी येते. पहिल्या तीन नावांत साखर, मैदा किंवा पामतेल दिसले, तर ते पाकीट रोजच्या खाण्यात नसावे.